व्हायोलिन, पियानो आणि मधली जागा

बेथोव्हेनचा ‘स्प्रिंग’ सोनाटा (ओपस २४) सुरू होतो तेव्हा पहिली वीस-बावीस सेकंदे धून व्हायोलिनकडे असते. पियानो खालून अखंड वाहती साथ देत राहतो. दहा बार असे जातात (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) आणि अकराव्या बारला भूमिका बदलतात. तीच धून पियानो उचलतो आणि इतका वेळ पियानोकडे असलेले साथीचे काम व्हायोलिन आपल्याकडे घेते.

या सोनाट्याचे कुठलेही रेकॉर्डिंग लावा आणि हा अकरावा बार कान देऊन ऐका. आपले लक्ष आपोआप व्हायोलिनवरून पियानोकडे सरकले, तर रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हे संगीत कळलेले आहे. पियानो धून वाजवत असतानाही व्हायोलिनची साथच कानाशी येत राहिली, तर वादक कितीही मोठे असोत, कुठेतरी तोल गेलेला आहे.

दोनच वाद्ये, म्हणून हे काम बाहेरून सोपे वाटते. प्रत्यक्षात ही दोन वाद्ये एकमेकांपासून फार दूरची आहेत. एकाचा स्वर गजाने घासून निघतो आणि हवा तेवढा लांबवता येतो. दुसऱ्याचा हातोडीच्या ठोक्याने उमटतो आणि उमटल्या क्षणापासून विरू लागतो. एक वाद्य हनुवटीखाली मावते. दुसरे, मोठ्या मैफलीचा पियानो असेल तर, पावणेतीन मीटर लांब आणि जवळजवळ पाचशे किलो वजनाचे असते. या दोघांना बरोबरीच्या नात्याने एका खोलीत ऐकवायचे, हेच सोनाट्याच्या ध्वनिमुद्रणातले खरे काम आहे. ते कसे होत आले आणि आज कसे होते, ते क्रमाने पाहू.

आधी नाव पियानोचे

आज रेकॉर्डच्या वेष्टनावर व्हायोलिनवादकाचे नाव आधी आणि बहुधा ठळक छापलेले असते. संगीतकारांनी मात्र उलटे लिहिले होते. बेथोव्हेनने १७९७-९८ मध्ये रचलेल्या पहिल्या तीन सोनाट्यांच्या (ओपस १२) मुखपृष्ठावर ते ‘पियानोसाठी, व्हायोलिनसह’ आहेत असे इटालियन भाषेत छापले होते. त्या काळी हे घरगुती बैठकीचे संगीत होते. मुख्य काम पियानोचे आणि व्हायोलिन त्याच्या अंगाने जाणारे, अशी जुनी रीत होती. मोझार्टने आपल्या हयातीतच ती मोडायला घेतली. बेथोव्हेनने दोघांना समोरासमोर आणले.

त्याचे सर्वांत धगधगते उदाहरण म्हणजे ‘क्रॉयत्झर’ सोनाटा (ओपस ४७). २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नाच्या आउगार्टनमध्ये सकाळच्या मैफलीत तो पहिल्यांदा वाजला. व्हायोलिन जॉर्ज ब्रिजटॉवर यांचे, पियानोवर खुद्द बेथोव्हेन. घाई इतकी होती की, दुसऱ्या भागात व्हायोलिनची वेगळी प्रत तयार नसल्याने ब्रिजटॉवर यांना बेथोव्हेनच्या खांद्यावरून हस्तलिखित पाहत वाजवावे लागले. पुढे दोघांचे बिनसले आणि अर्पणपत्रिका व्हायोलिनवादक रोडॉल्फ क्रॉयत्झर यांच्या नावावर गेली. त्यांनी तो सोनाटा कधी जाहीरपणे वाजवला नाही. या रचनेच्या मुखपृष्ठावर, ती जवळजवळ कंचेर्टोच्या (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेच्या) थाटात लिहिली आहे, असे बेथोव्हेनने मुद्दाम नोंदवले आहे.

पुढे ब्राम्सचे तीन सोनाटे आले. सेझार फ्रांकचा सोनाटा आला, जो त्यांनी १८८६ मध्ये व्हायोलिनवादक युजेन इझाय यांना लग्नाची भेट म्हणून दिला. १९१७ मध्ये द्यबुसींनी आपली शेवटची पूर्ण रचना म्हणून व्हायोलिन सोनाटा लिहिला. या सगळ्यांत पियानोला साथीदार म्हणणे म्हणजे जुगलबंदीतल्या एकाला ठेका धरणारा ठरवण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात मात्र पियानोच्या वाट्याला बराच काळ नेमके तेच आले.

कर्ण्यापुढची कसरत

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवत, आवाजाच्या जोराने पडदा हलत असे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या जाड तबकडीवर खाच कोरत जाई. हीच यंत्रसामग्री घेऊन ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानला गायक कारुसोंचे गाणे मुद्रित करत होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्याला गौहर जान यांचे. आपल्या घरातल्या जुन्या तबकड्या आणि युरोपातल्या तबकड्या एकाच कुळातल्या आहेत.

कर्ण्याला जोरकस, मध्यम उंचीचा आवाज मानवे. व्हायोलिनचा आवाज नाजूक, म्हणून वादकाला कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे लागे. काही ठिकाणी ‘स्ट्रो व्हायोलिन’ वापरत. त्याला लाकडी पेटीऐवजी धातूचा पडदा आणि स्वतःचा छोटा कर्णा असे. पियानोची अडचण निराळी. त्याचे खालचे स्वर यंत्राला पकडता येत नसत, वरचे स्वर बोथट होत आणि स्वराची आस तर जवळपास नाहीशीच होई. उभा पियानो फळ्यांच्या ओट्यावर चढवून, त्याच्या फळ्या काढून तो कर्ण्याच्या पातळीला आणत. इतके करूनही तबकडीवर तो कोरडा, टणटणीत ऐकू येई.

अशाच काळात, १९२३ मध्ये, व्हायोलिनवादक झाक तिबो आणि पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो यांनी फ्रांकचा सोनाटा कर्ण्यापुढे वाजवला. मायक्रोफोन आल्यावर १९२९ मध्ये दोघांनी तोच सोनाटा पुन्हा मुद्रित केला. ही दोन ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकण्यासारखी आहेत. वादक तेच, रचना तीच, मध्ये सहा वर्षे. पहिल्यात व्हायोलिनमागे पियानो असल्याचे कळते. दुसऱ्यात कोर्तो काय म्हणताहेत ते कळते.

साडेचार मिनिटांची बाजू

मायक्रोफोनने आवाजाचा प्रश्न सोडवला, वेळेचा नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार ते साडेचार मिनिटेच मावत. नाट्यपदाचे तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपशीर रूप करणाऱ्या आपल्या गायकांना ही मर्यादा ठाऊक होती. पण सोनाटा आटोपशीर करता येत नाही. ‘क्रॉयत्झर’चा नुसता पहिला भाग अकरा-बारा मिनिटांचा. म्हणजे तीन बाजू, आणि दोनदा भर ओघात थांबून तबकडी उलटणे किंवा बदलणे. कुठे थांबायचे ते आधी ठरवावे लागे आणि पुढची बाजू त्याच वेगात, त्याच भावात उचलावी लागे. मधे कितीही वेळ गेलेला असो.

शिवाय जोडकाम नव्हते. चौथ्या मिनिटाला एक स्वर घसरला तर ती बाजू पहिल्यापासून. मेणाची तबकडी लगेच वाजवून पाहिली तर ती खराब होई, म्हणून चांगली जमलेली बाजू ताबडतोब ऐकण्याची सोयही नव्हती.

या परिस्थितीत व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लर आणि पियानोवादक सर्गेई राखमानिनोव यांनी १९२८ मध्ये बर्लिनला ग्रीगचा सी मायनर सोनाटा मुद्रित केला. तो सहा बाजूंत बसला. राखमानिनोव यांनी नंतर सांगितले की, प्रत्येक बाजू त्यांनी किमान पाच वेळा वाजवली. अशा तीस तबकड्या झाल्या. त्यातल्या उत्तम निवडल्या आणि उरलेल्या नष्ट केल्या. एवढी मेहनत क्रायस्लरना फारशी रुचली नसावी, हेही त्यांनी सांगितले आहे. क्रायस्लर त्या क्षणी जे उमटेल त्यावर विश्वास टाकणारे, राखमानिनोव स्वर न् स्वर तपासणारे. ते ध्वनिमुद्रण आज ऐकताना हा स्वभावभेद भांडणासारखा वाटत नाही. एकजण वाऱ्यावर सोडतो, दुसरा जमिनीवर धरून ठेवतो, आणि ग्रीगला दोन्ही हवे आहे.

क्रायस्लर यांनीच १९३५-३६ मध्ये लंडनला फ्रान्झ रुप यांच्याबरोबर बेथोव्हेनचे दहाच्या दहा सोनाटे मुद्रित केले. एवढा मोठा संच दुकानात खपेल याची खात्री नव्हती, म्हणून आधी वर्गणी भरणाऱ्यांची सोसायटी काढून तो विकला गेला. क्रायस्लरचा स्वर त्यात जवळ, ऊबदार आणि पुढे आहे. रुप यांचा पियानो मागे आहे. रुप उत्तम वादक होते. त्यांना मागे ठेवले ते त्या काळच्या कल्पनेने.

फीत आली, कात्री आली

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत स्टुडिओत पोहोचली. १९४८ मध्ये लाँग-प्ले तबकडी बाजारात आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. आता पूर्ण भाग एका दमात वाजवता येऊ लागला आणि चूक झालीच तर फीत तिरकी कापून दुसऱ्या टेकचा (टेक म्हणजे एकदा वाजवून केलेले मुद्रण) तुकडा जोडता येऊ लागला.

याच काळात, १९५६-५७ मध्ये, बेल्जियमचे आर्थर ग्र्युमियो आणि रुमानियात जन्मलेल्या क्लारा हास्किल यांनी बेथोव्हेनचे सर्व सोनाटे फिलिप्स कंपनीसाठी मुद्रित केले. त्यांचे मोझार्टही त्याच सुमाराचे. हास्किल यांना पाठीच्या कण्याच्या विकाराने आयुष्यभर छळले, पण त्यांचा पियानो ऐकताना शरीराला काही जड असेल असे वाटतच नाही. या जोडीत कोणी कोणाच्या मागे नाही. एकाने वाक्य सोडले की दुसऱ्याने ते त्याच उंचीवर उचललेले असते. डिसेंबर १९६० मध्ये ग्र्युमियोंबरोबरच्या कार्यक्रमासाठी ब्रसेल्सला आल्या असताना हास्किल रेल्वेस्थानकाच्या जिन्यावर पडल्या आणि त्या दुखापतीतच त्यांचा अंत झाला.

फितीने आणखी एक गोष्ट शक्य केली. ग्र्युमियो पियानोही उत्तम वाजवत. ब्राम्सचा दुसरा सोनाटा आणि मोझार्टचा कोखेल सूचीतला ४८१ क्रमांकाचा सोनाटा या दोन्हींत त्यांनी दोन्ही वाद्ये स्वतः वाजवली. आधी एक वाद्य मुद्रित करायचे, मग ते कानात ऐकत दुसरे. वादनात खोट काढायला जागा नाही. तरी मला ते ऐकताना एक गोष्ट सतत जाणवते. सोनाट्यात एकजण किंचित थांबतो तेव्हा दुसरा त्याची वाट पाहतो, आणि ती वाट पाहणेही संगीताचा भाग असते. इथे वाट पाहणाऱ्याला पुढचे सगळे आधीच माहीत आहे.

खोली आधी, माइक नंतर

आता आजच्या पद्धतीकडे येऊ. पहिला निर्णय जागेचा. लहान, गालिचे घातलेल्या स्टुडिओत व्हायोलिन करकरीत वाटते, कारण त्याच्या स्वराला गोलाई येते ती बरीचशी खोलीच्या घुमाऱ्याने. फार मोठ्या चर्चमध्ये उलटा त्रास. पियानोचे जलद स्वर एकमेकांत मिसळून जातात. म्हणून मध्यम आकाराची, उंच छताची, लाकूड भरपूर असलेली जागा शोधतात. स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावातले संगीत सभागृह किंवा इंग्लंडमध्ये सफकमधले पॉटन हॉल अशाच गुणासाठी ध्वनिमुद्रकांचे आवडते आहेत.

दुसरा निर्णय वादकांच्या जागेचा. मैफलीत व्हायोलिनवादक पियानोच्या वळणात, श्रोत्यांकडे तोंड करून उभा असतो. पियानोवादक त्याच्या पाठीमागे. रेकॉर्डिंगला श्रोतेच नसतात, त्यामुळे दोघांना एकमेकांकडे तोंड करून, थोडे अंतर ठेवून बसवता येते. श्वास दिसतो, गज उचललेला दिसतो. एकत्र सुरुवात करण्यासाठी याहून चांगली खूण नाही.

तिसरा निर्णय पियानोच्या झाकणाचा. ते पूर्ण उघडे ठेवले तर आवाज मोकळा आणि लांबवर जातो. लहान काडीवर टेकवले तर आवाज कमी होतो, पण थोडा कोंडतोही. म्हणून बरेचजण झाकण पूर्ण उघडे ठेवून पियानोवादकाच्या हातावर भरवसा टाकतात. बेथोव्हेनच्या काळचा पियानो लाकडी चौकटीचा, हलका, पाच-साडेपाच सप्तकांचा होता. आजच्या पियानोत लोखंडी चौकट आहे. त्यामुळे डाव्या हाताचे खालचे स्वर सांभाळून वाजवणे हे तोल राखण्याचे पहिले साधन ठरते. माइकचा नंबर त्यानंतर.

माइक किती आणि कुठे

सर्वांत साधी मांडणी दोन माइकची. दोन्ही वाद्यांपासून काही मीटरवर, माणसाच्या डोक्याहून थोडे वर, एक मुख्य जोडी. तिला खोली, अंतर आणि दोन्ही वाद्ये एकत्र ऐकू येतात. दोन कानांसाठी दोन आवाज ही कल्पना एलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी मांडली होती. स्टीरिओ तबकड्या सर्रास विकायला लागल्या त्या १९५८ पासून.

या जोडीला मदत म्हणून व्हायोलिनजवळ एक आणि पियानोजवळ एक-दोन माइक ठेवतात. त्यांचा आवाज मुख्य जोडीत चिमूटभर मिसळायचा. चिमूटभरच, कारण इथे एक सापळा आहे. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद लागतात. व्हायोलिनचा आवाज स्वतःच्या माइकला एका मीटरवर आणि पियानोच्या माइकला चार मीटरवर पोहोचत असेल, तर एकच स्वर नऊ सहस्रांश सेकंदांच्या फरकाने दोनदा नोंदला जातो. दोन्ही मिसळले की काही कंपने एकमेकांना खाऊन टाकतात आणि व्हायोलिन नळीतून वाजल्यासारखे पोकळ होते. म्हणून माइकची जागा कधी वीतभर, कधी हातभर सरकवत ऐकायचे, पुन्हा सरकवायचे. पहिल्या दिवसाची सकाळ यातच जाते.

जवळच्या माइकचा दुसरा धोका आहे. व्हायोलिनवादकाचा श्वास, गजाला लावलेल्या राळेची खरखर, पियानोच्या पेडलची ठप, खुर्चीची करकर, पान उलटल्याचा आवाज, सगळे त्याला जवळून ऐकू येते. यातले थोडे राहू द्यावे. सगळे पुसून टाकले तर माणसे नाहीशी होतात.

गंधाराचा प्रश्न

मराठी श्रोत्याला हा भाग चटकन समजेल. पियानोचे सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेले असते. पेटीचेही तसेच. याच कारणावरून पेटीवर आपल्याकडे आक्षेप घेतला गेला आणि १९४० पासून तीस वर्षे आकाशवाणीने तिला दूर ठेवले. व्हायोलिनला पडदे नाहीत. त्याचा वादक स्वर हवा तिथे घेतो आणि त्याचा कान नैसर्गिकपणे शुद्ध संवादाकडे ओढला जातो.

आकड्यांत पाहू. व्हायोलिनची ‘ए’ तार ४४० कंपनांवर पियानोशी मिळवली. त्यावरून पंचमाच्या संवादाने खालच्या दोन तारा लावल्या तर ‘जी’ तार १९५.५६ वर येते. पियानोचा तोच स्वर १९६ वर असतो. फरक अगदी बारीक, पण उघडी तार आणि पियानोचा स्वर एकत्र लांबला की कानाला सूक्ष्म आंदोलन जाणवते. म्हणून पियानोबरोबर वाजवताना अनेक व्हायोलिनवादक पंचम किंचित आवळून तारा लावतात.

गंधारात फरक वाढतो. ‘क्रॉयत्झर’ची सुरुवात आठवा. पहिले चार बार व्हायोलिन एकटे, ए मेजरच्या स्वरसमूहाने उघडते. ‘ए’ला षड्ज मानले तर त्यातला ‘सी शार्प’ हा गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार घेतला तर तो ५५० कंपनांवर येतो. पियानोचा गंधार ५५४.३७ वर, म्हणजे स्पष्ट चढा. व्हायोलिनवादकाने एकट्याने अतिशय गोड गंधार लावला आणि पाचव्या बारला पियानो आत आला, तर त्या गोडव्याचा हिशेब लगेच द्यावा लागतो. सभागृहात हे निसटून जाते. रेकॉर्ड माणूस पन्नास वेळा ऐकतो, म्हणून इथे ठरवावे लागते की, गंधार किती खुला ठेवायचा आणि किती पियानोकडे न्यायचा. हे ठरवणाऱ्या वादकाच्या कानाला दोन्ही जगे माहीत असावी लागतात.

याच कारणाने पियानो सुरात लावणारा कारागीर ध्वनिमुद्रणाचे सगळे दिवस हजर असतो. दिवे, माणसांची ऊब, हवेतला ओलावा यांनी तारा सरकतात. सकाळच्या टेकचा तुकडा संध्याकाळच्या टेकला जोडायचा असेल, तर पियानो दोन्ही वेळी एकाच जागी असायला हवा. प्रत्येक विश्रांतीत तो येतो, आठ-दहा स्वर तपासतो आणि निमूट निघून जातो.

तीन दिवसांचे काम

साठ-सत्तर मिनिटांच्या संगीतासाठी साधारण तीन दिवस धरतात. शेजारच्या खोलीत ध्वनिमुद्रक आणि निर्माता बसलेले असतात. जर्मनीत हे काम करणाऱ्याला ‘टोनमायस्टर’ म्हणतात. त्यासाठी संगीताचे आणि ध्वनिशास्त्राचे शिक्षण एकाच माणसाला दिले जाते. डेटमोल्डच्या संगीत विद्यालयात १९४९ पासून तसा अभ्यासक्रम आहे. निर्मात्यापुढे पूर्ण स्वरलिपी उघडी असते आणि हातात पेन्सिल. प्रत्येक टेकला क्रमांक. चौथ्या टेकमध्ये बाराव्या बारचा सूर चढला, सहाव्यात तोच उत्तम, सातव्यात बाहेर गाडी गेली, अशा खुणांनी पान भरत जाते.

शहाणे निर्माते आधी संपूर्ण भाग एक-दोनदा सलग वाजवून घेतात. वेग, श्वास आणि चढउतार या सलग टेकमध्येच सापडतात. मग वादक येऊन ऐकतात. हा क्षण नाजूक असतो. व्हायोलिनवादकाला आपले व्हायोलिन कमी वाटते, पियानोवादकाला आपला डावा हात. दोघांचेही खरे असू शकते. निर्माता तेव्हा बटण फिरवण्याआधी अकराव्या बारचा प्रश्न विचारतो: इथे धून कोणाकडे आहे? धून असलेल्याने थोडे पुढे यायचे, नसलेल्याने हात हलका करायचा. असे केले की, पुढच्या टेकला यंत्राला हात न लावताही तोल बदलतो.

सत्राच्या शेवटी वातानुकूलन बंद करून, कोणीही न हलता, रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा-एक मिनिट मुद्रित करतात. दोन भागांच्या मधल्या शांततेत तो घालायचा असतो. पूर्ण निःशब्दता कानाला बंद दारासारखी लागते. या शांततेत खोली जिवंत राहते.

जोडकाम कुठवर

आज संगणकावर एकेक स्वर बदलता येतो आणि एका सोनाट्यात शेकडो जोड असू शकतात. जोड ऐकू येत नाहीत. प्रश्न इतकाच की, जोडून तयार झालेले वाक्य दोघांनी मिळून बोललेले वाटते की नाही. दोन उत्तम टेकमध्ये व्हायोलिनवादक वेगवेगळ्या मनःस्थितीत असेल, तर बिनचूक जोडही वाक्याचा कणा मोडतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १३ एप्रिल १९४० ची वॉशिंग्टनची संध्याकाळ आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व्हायोलिनवादक योसेफ सिगेती आणि संगीतकार बेला बार्टोक यांची मैफल झाली. ‘क्रॉयत्झर’, द्यबुसींचा सोनाटा, खुद्द बार्टोक यांचा दुसरा सोनाटा आणि पहिली ऱ्हॅप्सडी. मैफल मुद्रित झाली आणि पुढे प्रसिद्धही झाली. दुसरा टेक नाही, कात्री नाही. आवाज आजच्या मापाने धूसर आहे. युरोपात युद्ध पेटलेले होते आणि त्याच वर्षी बार्टोक अमेरिकेत स्थलांतर करणार होते. ‘क्रॉयत्झर’मध्ये ते पियानो एखाद्या संगीतकाराने वाचावा तसा वाजवतात, प्रत्येक वळण आतून माहीत असल्यासारखा, आणि सिगेती त्यांना तितकेच ताठ उत्तर देतात. ग्रीगच्या तीस तबकड्या आणि ही एकच संध्याकाळ यांच्यात श्रेष्ठ कोण, हे मला ठरवता आलेले नाही. दोन्हींत दोघेजण एकमेकांचे ऐकताना स्पष्ट ऐकू येतात, एवढे मात्र नक्की.

ऐकताना

एखादे नवे रेकॉर्डिंग हाती आले तर पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

एक, दोन्ही वाद्ये एकाच खोलीत आहेत का? व्हायोलिन कानाशी आणि पियानो दिवाणखान्याच्या पलीकडे असेल, तर ते दोन वेगवेगळ्या जागी मुद्रित केल्यासारखे वाटते.

दोन, व्हायोलिनचा आकार खरा आहे का? पियानोएवढे रुंद व्हायोलिन जगात नसते. दोन स्पीकरच्या मध्ये त्याची जागा एका माणसाएवढीच असायला हवी.

तीन, पियानोचा डावा हात कळतो का? ब्राम्स आणि फ्रांकमध्ये सुरावटीचा अर्धा अर्थ तिथे असतो.

चार, धून हात बदलते तेव्हा आपले लक्षही तिच्याबरोबर जाते का?

आणि पाच, शेवटच्या स्वरानंतर काय होते? गज तारेवरून उचलला की व्हायोलिन गप्प होते, फक्त खोली त्याला क्षणभर धरून ठेवते. पियानोच्या तारा पेडल दाबलेले असेपर्यंत वाजत राहतात. एकाच स्वरात मिळालेली दोन वाद्ये वेगवेगळ्या वाटांनी विरतात, आणि चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही विरणे शेवटपर्यंत ऐकू येते. त्यासाठी त्या खोलीत व्हायोलिनवादक गज हवेत धरून उभा असतो, पियानोवादक पेडलवरचा पाय उचलत नाही, पलीकडे निर्मात्याची पेन्सिल थांबलेली असते, आणि लाल दिवा विझेपर्यंत कोणी श्वासही मोठ्याने सोडत नाही.